बोटभर तेल

इंझोरी
४ डिसेंबर २०२५

चि. निकितास,
रंगूआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुह्यं पत्र भेटलं. कारखाना, पाऊस, खोलीवरची मैत्रीण, सगळं चार ओळीत, आन् तब्येतीचं एकच वाक्य, का ठीक आहे. तुह्यापरीस विजेचं बिल जास्त बोलते, पोरी.

माहे कान आता पारच गेले. मशीन लावलं तं त्यात नुसत्या चिमन्या ओरडतात, मानूस काही आयकू येत नाही. म्हनून फोनचं नाव काढू नको, आपलं टपालच बरं. तुही माय गेली आन् तू पाचवीत माह्या घरी आली, तवा सुट्टीत बापाले पत्र लिवायची सवय तुले मीच लावली. आता भोगतो.

खबर अशी, का पवननं वाशीमच्या दुकानातली नोकरी सोडली. धरनाच्या पल्याड, टेकडीखाली तंबू लावून राह्यला. शयरातले लोक पैसे देऊन भुईवर झोपाले येतात म्हनते. मोबाइल पयल्याच दिवशी एका थैलीत गोळा करनार, तेच म्हने खरं सुख. नाताळच्या सुट्टीत पयली टोळी येते, अकोल्याची नऊ मानसं, त्यात दोन लेकरं. तठी दुकान नाही, लाइट नाही, रानाले आग लागन म्हनून चूल पेटवता येत नाही, एक गॅसची शेगडी फक्त. आन् आपल्या गड्याले चहा बी धड जमत नाही. मी म्हनलं, रांधाले मी येतो. तं म्हनते, नको आई, लोकायले रानात रानासारखं पायजे. म्हंजे उपाशी का, असं मी इचारलं तं रुसला.

तू डब्यातल्या अन्नाच्या कारखान्यात तपासनी करते. रानात नेन्याजोगे डबे कोनते, लवकर होनारं खानं कोनतं, ते तूच निवड. पयल्याच टोळीचं पोट बिघडलं तं दुसरी टोळी येत नसते. हे त्याच्या जिवाले लागलं हाय, तोंडानं बोलत नाही एवढंच. तुमी दोघं त्या बाबतीत सख्खे शोभता.

या खेपी तब्येतीची दोन वाक्यं पायजेत.

तुही,
रंगूआत्या


रत्नागिरी
९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तब्येत ठीक आहे. झोप पुरेशी होते. ही दोन वाक्यं झाली.

पवनच्या धंद्याबद्दल माझं मत कोणी विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. अन्नाबद्दल विचारलं आहेस, ते लिहिते. निवडलेल्या सामानाचं खोकं वेगळं पाठवलं आहे.

रानासाठी अन्न निवडताना चव शेवटी येते. आधी पाहायचं ते पाणी किती लागेल, गॅस किती जळेल आणि उरलं तर त्याचं काय होईल. तिथे फ्रीज नाही, म्हणजे उरता कामा नये. त्यासाठी मोठे डबे टाळून लहान घेतले आहेत. तीन माणसांत एक सहज संपतो. छोले, राजमा आणि मक्याचे दाणे, तिन्ही आमच्याच कारखान्याचे. झाकणाला कडी आहे, ओढली की उघडतं. डाळ-भाताची पाकिटं न फोडता उकळत्या पाण्यात ठेवायची, तेच पाणी पुढे भांड्यांना वापरता येतं. उपम्याच्या तयार पिठावर गरम पाणी ओतून झाकलं की झालं. मासे आणि मांस मुद्दाम घेतलं नाही. डबा उघडला की वास लांब जातो, आणि तिथे रात्री कोल्हे फिरतात हे पवननेच मागे सांगितलं होतं.

न्याहारीसाठी कारखान्याचं काही नको. सातूचं पीठ, गूळ, मुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, जवसाची चटणी आणि तुझ्या वाळवलेल्या खारोड्या दे. कोरडं अन्न कोरडं राहील तोवर त्रास देत नाही.

पवनला एवढं सांग. डबा जेवायच्या वेळीच उघडायचा. उघडलेला ठेवायचा नाही. फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा फेकायचा, चाखून पाहायचा नाही. हेच लाल शाईने लिहून खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे, कारण तो पत्रं वाचत नाही.

तू दिलेलं कैरीचं लोणचं अजून अर्धी बरणी आहे. मैत्रिणीला थोडंच देते.

तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी,
निकिता


इंझोरी
१९ डिसेंबर

चि. निकितास,
आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

खोकं सुखरूप आलं. एवढं जड, का मदनसिंगनं मोटारसायकलवर आनताना तीनदा इचारलं, यात पोरीनं दगूड तं नाही पाठवला. मदनसिंगले तू ओळखतं, शेजारची नीता त्याची सून.

आता राग नको धरू. एक डबा फोडून चाखला. पोरी, हे काय खानं हाय? मिठाच्या पान्यात पोहनारे छोले. ना कांदा, ना लसून, ना तिखट. वरून तारीख पाह्यली तं आठ महिन्याआंधीची. आठ महिन्याचं शिळं पावन्यायपुढं ठेवलं, तं उद्या अकोल्यात लोक काय म्हनतीन? आन् तू एवढी शिकून असं पाठवलं, हे तं मी कोनाले सांगूबी शकत नाही.

म्हनून तुही इज्जत मी राखली. सोमवारी छोल्याचे आन् राजम्याचे सगळे डबे फोडले. पानी काढून टाकलं. मोठ्या गंजात तेल तापवून कांदा, लसून, आपला काळा मसाला, अशी फोडनी दिली का मदनसिंग भिंतीवरून डोकावला. चांगलं खळखळ उकळू दिलं. गरमच बरन्यायमंदी भरलं, वर बोटभर तेल सोडलं, झाकनं गच्च लावली. लोनच्यावानी. हवाच लागली नाही तं बिघडन कायले? आता चार दिवस झाले, रोज गच्चीवर उन्हात ठेवून राह्यली, मसाला आत मुरला पायजे.

तू म्हनलं व्हतं का जेवाच्या वक्तीच उघडा. पन ऐन वक्ती पवन फोडनी कवा देईन? तुही लाल चिठ्ठी दिसली मले, पन उशिरा. खोकं मी खालून फोडलं व्हतं. दिसली तवा डबे रिकामे झाले व्हते. आन् तुह्या चिठ्ठीतल्यावानी फुगलेला तं त्यात एकबी नवता, त्याची फिकीर नको. मका तसाच ठेवला, लेकरायले गोड लागते.

एक बरनी घरी ठेवून घेतली. रोज भाकरीसंग खातो. अशी चव उतरली हाय का तुह्या कारखान्यानं मले कामाले ठेवावं.

पवन २५ तारखेले सकाळी निंगते. चार दिवस रानात, फोन थैलीत. तुले आठवन करते, फक्त कबूल करत नाही.

तुही,
रंगूआत्या


रत्नागिरी
२६ डिसेंबर, सकाळ

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे कागदावर लिहून त्याचा फोटो नीतावहिनीच्या फोनवर पाठवते आहे. तिला फोन करून सांगितलं आहे, ती तुला लगेच दाखवेल. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. पवनचा फोन बंद आहे.

त्या बरण्यांमधलं कोणीही काहीही खायचं नाही. तूसुद्धा नाही. बोट लावून चाखायचंही नाही.

मागच्या वेळी मी नुसते नियम लिहिले, कारण लिहिलं नाही. आता कारण लिहिते. मातीत एक जंतू असतो. उकळल्यावर तो मरतो, पण त्याचं बीज मरत नाही. कारखान्यात आम्ही बंद डब्याला दाबाखालच्या वाफेत ठेवून ते बीज मारतो, म्हणून आठ महिन्यांनीही आतलं अन्न शिळं होत नाही. डबा उघडला की ते संरक्षण संपतं. कांद्या-लसणाबरोबर नवं बीज आत येऊ शकतं. या जंतूला हवा नको असते आणि ऊब हवी असते. बोटभर तेलाने हवा बंद झाली, उन्हाने ऊब मिळाली. लोणचं टिकतं ते तेलामुळे नाही, आंबटपणा आणि मिठामुळे. छोले आंबट नसतात. त्यात जे विष तयार होतं त्याला वास नसतो, चव नसते. चव चांगली आहे म्हणून अन्न चांगलं आहे, असं इथे म्हणता येत नाही.

प्रत्येक बरणीत विष असेलच असं मी म्हणत नाही. ते बाहेरून कळत नाही, म्हणून प्रत्येक बरणीत आहे असं धरून चालायचं.

आत्ताच कोणाला तरी पवनकडे पाठव. मदनसिंगकाका जातील. कोणी खाल्लं असेल तर काही होण्याची वाट न पाहता सगळ्यांना वाशीमला दवाखान्यात न्यायचं आणि काय खाल्लं ते स्पष्ट सांगायचं. एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, जीभ अडखळणं, गिळता न येणं, ही लक्षणं आहेत. ती काही तासांत येऊ शकतात, काही दिवसांनीही.

तू रोज खाते आहेस. तुझ्या पापण्या नीतावहिनीला पाहू दे. हसण्यावारी नेऊ नको.

उत्तर लगेच हवं आहे.

निकिता


इंझोरी
२६ डिसेंबर

चि. निकितास आशीर्वाद.

वाचलं. दोनदा वाचलं. नीता म्हनते डोळे ठीक हायत, जीभ तं नेहमीचीच हाय.

मदनसिंग गाडी काढून राह्यला. मी सोता जातो त्याच्या मांगं बसून. त्यानं नुसतं सांगितलं तं पवन हसन आन् वाढन. मायनं रांधलेल्यात जहर हाय, हे दुसऱ्याच्या तोंडून कोनतं पोरगं मानते?

माह्या हातानं झालं असन तं मीच थांबवतो.

आत्या


इंझोरी
२८ डिसेंबर

निकिताताईस,
पवनचा नमस्कार.

दवाखान्यातून फोन केला तेव्हा तू नुसते प्रश्न विचारलेस. किती वाजता खाल्लं, किती खाल्लं, किती वेळ गरम केलं. मला जे सांगायचं होतं ते तुझ्या प्रश्नांत बसत नव्हतं. म्हणून जन्मात पहिल्यांदा तुला पत्र लिहितोय. चुका काढू नकोस.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी राजम्याच्या बरण्या उघडल्या. गॅस वाचवायचा म्हणून फक्त कोमट केल्या. सगळ्यांनी बोटं चाटली. अकोल्याच्या आजोबांनी तर आईचा पत्ता मागून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी छोले कढईत ओतले होते, लेकरं ताटल्या घेऊन बसली होती, आणि मदनसिंगकाकांची गाडी टेकडी उतरताना दिसली. मागे आई. डोक्यावरचा पदर उडून गेलेला, तिला पत्ताच नाही. उतरली, सरळ शेगडीपाशी आली आणि कढई पायानं उलथी केली.

मी ओरडलो. ते आजोबा ओरडले. तिला ऐकू तर काही येत नव्हतं. सगळे ओरडून थकेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "काल माह्यं रांधलेलं कोनी कोनी खाल्लं, त्यायनं हात वर करा."

एकेक करून सगळे हात वर झाले, लेकरांचेही. माझाही झाला. मग तिनं आमच्याकडे पाहत स्वतःचाही हात वर केला.

त्यानंतर तुझ्या पत्राचा फोटो काकांच्या फोनवर मी सगळ्यांना वाचून दाखवला. काही लपवलं नाही. एक जण पोलिसांत जातो म्हणाला. आई त्याला म्हणाली, जा, पन आंधी दवाखान्यात चल. वाशीमला डॉक्टरांनी एकेकाला बोटामागे नजर फिरवायला लावली, पाणी गिळायला लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. सध्या सगळे नीट आहेत. पण अजून काही दिवस लक्ष ठेवा, दवाखान्यापासून लांब जाऊ नका, असं सांगून सोडलं.

म्हणून सगळे इथे इंझोरीत आपल्याकडेच आहेत. पोलिसांत जाणाराही इथेच झोपतो. सकाळ-संध्याकाळ मी सगळ्यांना शाळेच्या भिंतीसमोर ओळीनं उभं करतो आणि तिथला सुविचार मोठ्यानं वाचायला लावतो. एकाला जरी ओळी दोन दिसल्या किंवा जीभ अडखळली, तर गाडी दारात तयार आहे. काल धाकटी पोरगी एका जोडाक्षरावर अडखळली. मी गाडीची किल्ली आणायला धावलो. तिची आई म्हणाली, तिला ते अक्षर कधीच येत नाही.

तुझी लाल चिठ्ठी मी वाचली होती, ताई. पण ती डब्यांसाठी होती, आणि माझ्यासोबत मक्याशिवाय डबे नव्हते, आईच्या बरण्या होत्या. आईच्या बरणीबद्दल शंका घ्यायची असते, हे मला कोण शिकवणार होतं?

आईशी तू बोल. म्हणजे लिही. ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.

तुझा,
पवन


इंझोरी
४ जानेवारी २०२६

चि. निकितास,
आत्याचे आशीर्वाद, वि. वि.

आज अकोल्याहून फोन आला. सगळे बरे हायत. नीतानं कागदावर लिवून दाखवलं तवा मी खाली बसली. मीबी बरी हाय. पवन बरा हाय, सुविचार आता झोपेतबी म्हनते.

उरलेल्या बरन्या न उघडता पवननं वावरात खोल गाडल्या, तू सांगितलं तशा. त्याच खड्ड्यात मी कैरीच्या लोनच्याची मोठी बरनी उपडी केली. पवननं हात धरला, मी आयकलं नाही. तुह्याकडं असन ते तूबी फेकून दे. जे तेलाखाली हाय त्याचा आता मले भरवसा नाही.

माह्या घरात नऊ पावने चार दिवस राह्यले आन् मी त्यायले घासभर रांधून घातलं नाही. त्यायनं तुही पाकिटं उकळून खाल्ली, मुरमुरे खाल्ले. नीता भाकरी थापून द्यायची. मी ओट्यावर बसून पाहत राह्यली. लगनाच्या पंगती रांधल्या मी, पोरी. तुले पाचवीपासून मोठी केली ते याच हातानं. आता मीठ टाकाले गेलं का हात मधातच थांबते.

तुह्यावर राग नाही. तू लिवलं ते खरंच लिवलं. फक्त एवढं वाटते, का एवढे वर्स तुमी जेवले ते माह्या हुशारीनं नाही, नशिबानं.

उत्तराची घाई नाही.

आत्या


रत्नागिरी
११ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

त्या बरण्यांत विष होतं की नव्हतं, हे आता कोणालाही कळणार नाही. नसावं, किंवा फार थोडं असावं, एवढंच म्हणता येतं. धोका मात्र खरा होता. त्यात मी शब्द बदलणार नाही.

पण तुझं शेवटचं वाक्य चूक आहे, म्हणून दुरुस्त करते. आम्ही नशिबाने जेवलो नाही. तू ताजं रांधायचीस आणि ताजं वाढायचीस, उरलेलं संध्याकाळी गाईपुढे जायचं. ते बरोबर होतं. लोणच्यात आंबट आणि मीठ भरपूर घालायचीस, तेही बरोबर होतं. छोल्यांना तू लोणचं समजलीस, चूक तेवढी एकच. आणि डब्यातलं अन्न न बिघडता का राहतं, हे नोकरीला लागल्यापासून तुला मी एकदाही सांगितलं नव्हतं. मी ते काम रोज करते, आणि पत्रात फक्त "कारखाना ठीक" असं लिहिते.

पवनचा फोन आला होता. दुसरी टोळी येईल की नाही, ते मला मोजता येत नाही. पण आली तर डबे मिठाच्या पाण्यातलेच न्यायचे, आणि तुझी फोडणी कोरडी न्यायची. कांदा आणि लसूण कडक वाळवून कुटायचे, काळा मसाला, तिखट, मीठ, पाण्याचा अंशही नको, एका जेवणापुरत्या लहान पुड्या. तेल वेगळ्या बाटलीत. डबा उघडल्यावर कढईत तेल, त्यात पुडी, वर छोले, आणि उकळी आली की लगेच वाढायचं. हे पवनलाही जमेल. प्रमाण मी काढू शकत नाही, ते तुझ्या हाताचं आहे. करून पाहा आणि एक पुडी मला पाठव. मी छोल्यांचा डबा इथे उघडून ठेवते, म्हणजे वाट पाहते. उघडून ठेवत नाही.

तुम्ही दवाखान्यात होतात त्या दोन दिवसांत कारखान्यात माझ्या नोंदी चुकल्या. वरिष्ठांनी दाखवल्या. माझ्याकडून असं होत नाही, म्हणून तुला कळवते.

आता लोणच्याचं. ते मी फेकलेलं नाही. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी भाकरी केली, दोन फोडी घेतल्या आणि जेवले. दुसऱ्या दिवशी उरलेल्यातली एक फोड प्रयोगशाळेत नेऊन तिचा आंबटपणा मोजला. तो जंतू जगेल त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाला. तुझं लोणचं सुरक्षित आहे, हे मी आता लिहून देऊ शकते. पण क्रम तुझ्या लक्षात यावा म्हणून पुन्हा लिहिते. आधी खाल्लं, मग मोजलं. माझ्या कामात हा क्रम चालत नाही.

बरणी तळाला आली आहे. उन्हाळ्यात कैऱ्या आल्या की नवं घाल. वर बोटभर तेल सोड.

तुझा हात माझ्या पाठीवर राहो.

तुझी,
निकिता

ता. क. तब्येत ठीक नव्हती. आता आहे.